घरात फोन किती

सोमवार, ३

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मीठ कमी करा, आणि ओरडावंसं वाटलं की लिहून काढा. मीठ कमी केलं आहे. हा दुसरा उपाय. वही बायकोच्या शाळेतली आहे, मागच्या पानांवर कुणाकुणाची हजेरी लिहिलेली आहे.

तर परिस्थिती अशी. छापखाना बंद झाला. बावीस वर्षं मी तिथे पानं लावली, मुद्रितं तपासली, आणि शेवटच्या दिवशी मालकांनी ज्याचं कॉम्प्युटरचं मशीन त्याला देऊन टाकलं. माझ्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स आहे, पानं लावायची सगळी व्यवस्था त्याच्यावरच बसवलेली. आता एका प्रकाशन संस्थेने घरबसल्या काम द्यायचं कबूल केलंय. नकाशांची आणि चित्रांची पुस्तकं. तिकडच्या संपादक बाई पानं बघणार आणि मी इथून तिथल्या तिथे दुरुस्त्या करणार. त्यासाठी दहा ते पाच ब्रॉडबँडची लाइन सलग हवी. २४ तारखेपासून पाच दिवस परीक्षा. पाच दिवसांत लाइन तुटली नाही तर काम माझं.

नाहीतर दुसरी नोकरी आहे, पण ती इथून एका दिवसाच्या प्रवासावर. ही शाळेत शिकवायला जाते, मी परगावी गेलो तर दिवसभर बाबांकडे कोण बघणार? नऊ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होते, म्हणून की काय, तोंडात एकच शब्द उरलाय. 'हॅलो'. भूक लागली तरी हॅलो, राग आला तरी हॅलो. ताईने तिच्या गावाजवळ एक वृद्धनिवास बघून ठेवलाय. ३० तारखेपर्यंत खाट राखून ठेवतील म्हणाली.

म्हणून आज ब्रॉडबँडचा फॉर्म भरला. लाइन अजून बाबांच्याच नावावर आहे, त्यामुळे सही त्यांची हवी. डाव्या हाताने त्यांना तासभर लागला असता. मीच मारली. बाकी नाव, पत्ता वगैरे. रकाना सात: घरात फोन किती? हॉलमधला एक. बाबांच्या खोलीतही एक आहे, पण तो कोण वापरतं? एक लिहिलं.

कंपनीच्या माणसाने विचारलं, मोडेम बाहेरचं की आतलं? बाहेरचं घ्या म्हणाला, दिवे असतात, काय चाललंय ते कळतं. शिवाय लिनक्सवर आतलं कार्ड चालवून दाखवलेला माणूस त्याने अजून बघितलेला नाही. हे ऐकल्यावर मी आतलंच मागितलं. टेबलावर जागा नाही असं हिला सांगितलंय.

गुरुवार, ६

खोकं आलं. एक कार्ड, एक वायर, एक माहितीपत्रक (पहिल्याच ओळीत दोन चुका, मी पेनने दुरुस्त केल्या), आणि काडेपेटीएवढी एक पांढरी डबी. ही फोनला लावायची, म्हणजे बोलणं आणि इंटरनेट एकाच तारेवरून गेलं तरी एकमेकांच्या पायात येत नाही. हॉलमधल्या फोनला लावली. दोन मिनिटांचं काम.

बाबा काठी टेकत बघायला आले. तारेचं काम म्हटल्यावर कसे राहतील? माहितीपत्रकातल्या चित्रावर बराच वेळ बोट फिरवत बसले, मग ती डबीच फोनवरून काढायला गेले. मी घाईने परत लावली, हरवली तर दुसरी कुठून आणणार? मग त्यांनी मला दोन बोटं दाखवली. "हॅलो. हॅलो." किती वाजले विचारत असतील. मी सांगितलं, दोन नाही वाजले बाबा, आत्ता बारा होतायत.

रागाने निघून गेले. या आजारात चिडचिड वाढते असं डॉक्टर म्हणालेच होते.

शनिवार, ८

कार्ड मशीनमध्ये बसवलं. कार्ड दिसतं. बस, दिसतं. बोलत नाही. त्याच्याशी बोलायला जो ड्रायव्हर लागतो तो कार्ड बनवणाऱ्यांनी एका जुन्या कर्नलसाठी एकदा लिहिला आणि हात झटकले. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, माझा नवा आहे. आता एक तर गाभा जुना करायचा किंवा ड्रायव्हर नव्याने कंपाइल करायचा, म्हणजे माझ्या गाभ्यासाठी पुन्हा घडवायचा. हिने शाळेच्या कॉम्प्युटरवरून सगळं सीडीवर उतरवून आणलं. सकाळी कंपाइल करायला लावलं, एकशे चार चुका. दुपारी सदतीस. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, आता जेवा, उरलेल्या चुका उद्या खा."

बाहेरच्या मोडेमला निदान दिवे तरी असतात. हे आपलं पत्र्याच्या पेटीत बसलंय. आत सगळं धडधाकट असेलही, पण बाहेरून कळायला काही मार्ग नाही. चिडून उपयोग नाही, तरी चिडतो.

बाबांनी आज दूध सांडलं. मुद्दाम नसेल. मी ओरडलो. मग डॉक्टरांचं आठवून इथे लिहितोय, पण क्रम चुकला.

सोमवार, १०

लागलं! नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मशीनच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ उमटली: लाइन अप. शून्य चुका, ड्रायव्हर बसला, पलीकडच्या एक्स्चेंजने हात धरला. मी खुर्चीतून उठून एकटाच नाचलो. या वयात बरं दिसत नाही, पण घरात बाबांशिवाय कोण होतं?

११.०२ ला तुटलं. सात मिनिटांनी परत आलं. ४.०१ ला पुन्हा तुटलं.

पहिल्या दिवशी होणारच. अकराला तुटलेलं असतानाच बाबांनी बाही धरून मला त्यांच्या खोलीत नेलं. फोनचा रिसीव्हर उचलून माझ्यापुढे धरला. मी लॉग वाचण्यात गुंतलो होतो. रिसीव्हर परत जागेवर ठेवला, पांघरूण सारखं केलं आणि आलो.

बुधवार, १२

काल: ११.०० आणि ४.०३. आज: १०.५९ आणि ४.००.

हे काही साधं नाही. रोज त्याच वेळेला. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच इंटरप्टवर आहेत, म्हणजे दोघं एकाच दारातून आत यायला बघतात. साउंड कार्ड उपटून काढलं. घरात आता गाणी नाहीत.

लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला. तीन उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, कर्नल बदला. दुसऱ्याने लिहिलं, कार्ड फेकून द्या. तिसऱ्याने एकच ओळ: घरातली वायरिंग बघा. याला काय म्हणायचं? मी ड्रायव्हरची पाच पानं नोंद पाठवली आणि हा मला भिंतीकडे बघायला सांगतोय. डोकं दुखतंय म्हणून गेलो तर डॉक्टरने चप्पल तपासावी तसं झालं. उत्तर दिलं नाही.

अकराचा चहा बाबांनी आजही घेतला नाही. घेऊन जावं तर फोन कानाला लावून बसलेले असतात. कप ठेवून येतो, निवतो. मी म्हटलं, "बाबा, कुणाशी बोलताय?" माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर पुढे केला. पुन्हा तेच. मला फार कीव आली आणि थोडा रागही आला. खरं लिहायचं तर राग जास्त.

शुक्रवार, १४

११.०१, ४.०२.

ताईचा फोन. "काय ठरवलंयस?" म्हणाली. मी म्हटलं, लाइन जवळजवळ लागली आहे.

"जवळजवळ म्हणजे?"

"दिवसातून दोनदाच तुटते."

"हे बघ, मला त्यातलं कळत नाही. पण तू हट्टाला पेटलास की तुला समोरचं दिसत नाही, हे लहानपणापासून बघतेय मी. तिकडे चोवीस तास माणूस असतं रे. तू स्वतःलाही जाळतोस आणि बाबांनाही."

"मी काय जाळलं?"

"दूध सांडल्यावर ओरडलास ना? वहिनी म्हणाली."

घरात हेर आहेत. पण ताई वाईट बोलत नव्हती.

रविवार, १६

दिवसभर एकदाही तुटलं नाही! काल आणि आज, दोन्ही दिवस सलग. काल हिला अर्धी सुट्टी होती, आज पूर्ण. कारण उघड आहे, सुट्टीच्या दिवशी एक्स्चेंजवर ताण कमी असतो. म्हणजे कामाच्या दिवशी ताण आला की माझा ड्रायव्हर हात टेकतो. आता ताण सोसणारा ड्रायव्हर करायचा.

बाबा आज हिच्यासोबत हॉलमध्ये बसले होते. ही वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. माझ्यासोबत कधी असे बसत नाहीत. बसणार कसे? शाळा संपल्यावर त्यांनी मला खात्यात चिकटवायचं नक्की केलं होतं, साहेबांशी बोलूनही आले होते. मी म्हणालो होतो, मला तारांवरचं माकड व्हायचं नाही. चारचौघांत म्हणालो होतो. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं, आणि आता तेही नाही.

मंगळवार, १८

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

सकाळपासून कर्नल नव्याने कंपाइल करत होतो, तिसऱ्यांदा. परीक्षेला सहा दिवस राहिलेत. अकराला बरोबर तुटलं. पाणी प्यायला उठलो तर बाबा दारात. बाही धरली. मी सोडवली. त्यांनी पुन्हा धरली, डाव्या हातात अजून चांगली ताकद आहे, ओढत खोलीत नेलं आणि रिसीव्हर माझ्या कानावर दाबला. जोरात दाबला, दुखलं. आतून नुसती खरखर. मी ओरडलो, "काय लावलंय हे? खेळणं आहे का? इथे माझं सगळं घोडं अडलंय आणि तुम्हाला..." आणि तो फोन भिंतीवरून उपटला. वायर, सॉकेटमधली पिन, सगळं. कपाटावर नेऊन ठेवला.

बाबा "हॅलो"सुद्धा म्हणाले नाहीत. खाटेवर बसले.

दुपारी तिसरं कंपाइल पूर्ण झालं. नवा कर्नल सुरू केला. ४.०० ला बघत बसलो. ४.०५. ४.३०. पाच वाजले. तुटलं नाही.

गुरुवार, २०

काल नाही, आज नाही. तिसरं कंपाइल! मेमरीचा एक आकडा बदलला होता, तोच दोषी असणार. मेलिंग लिस्टवर ऐटीत लिहून टाकलं, कोणता आकडा, किती केला. कार्ड फेकून द्या म्हणणाऱ्याने अभिनंदन केलं. वायरिंगवाला गप्प आहे.

जीव भांड्यात पडला. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "चांगलं झालं. पण बाबांनी दोन दिवस धड खाल्लं नाही. फोन कुठे गेला त्यांचा?"

मी म्हटलं, दुरुस्तीला दिलाय. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो की हे हिच्याशी खोटं बोललो.

शनिवार, २२

बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात. जिथे सॉकेट आहे तिथे. अकराच्या सुमाराला आणि चारच्या सुमाराला खुर्चीच्या हातावर डाव्या हाताची नखं आपटतात. टक टक टक. थांबतात. टक टक. पुन्हा पहिल्यापासून. हा नवा झटका तर नाही ना? डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, असे चाळे लागतात, लक्ष ठेवा.

कदाचित ताईचंच बरोबर असेल. तिथे अशा चाळ्यांची सवय असलेली माणसं असतील.

मंगळवार, २५

परीक्षेचे दोन दिवस झाले. लाइन दगडासारखी पक्की. संपादक बाई कमी बोलतात पण चूक पटकन पकडतात, मला असं माणूस आवडतं. काल एका नकाशात नदी उलटी वाहत होती, दोघांनाही एकाच वेळी दिसली. बाई म्हणाल्या, "तुमची लाइन अशीच राहिली तर आपलं जमेल."

इतक्या महिन्यांनी कुणीतरी 'जमेल' म्हणालं. आनंद झाला. बाबांना सांगायला गेलो. ते भिंतीकडे बघत होते, मग नाही सांगितलं.

बुधवार, २६

घाईने लिहितोय. अक्षर वाईट येईल.

पावणेअकराला दार वाजलं. खाकी पिशवी खांद्यावर, पांढऱ्या मिशा, टेलिफोनच्या खात्यातला लाइनमन. म्हणाला, "टिचक्या मारणारे आजोबा इथेच राहतात का?"

मला वाटलं तक्रार आली. मी घाईघाईने म्हणालो, "माफ करा, वडील आजारी आहेत, त्यांना कळत नाही. आता फोन काढून ठेवलाय, पुन्हा त्रास होणार नाही."

"म्हणूनच आलोय," तो म्हणाला. "आठवडाभर फोन नाही. तक्रारीच्या डेस्कवरच्या मुली रोज वाट बघतात. म्हणाल्या, काका, आजोबा आहेत ना, बघून या."

मला काही कळेना. तेव्हा त्याने दारातच उभं राहून सांगितलं. तक्रारीच्या नंबरवर त्याआधी आठवडाभर, शनिवार-रविवार सोडून, अकराला आणि चारला, म्हणजे खात्याच्या लाइन तपासायच्या जुन्या वेळांना, एक फोन यायचा. हॅलो म्हणायचे आणि मग नुसत्या टिचक्या. मुलींना काही समजायचं नाही, पण कुणी फोन आपटला नाही, बिचारे एकटे असतील म्हणून ऐकून घ्यायच्या. परवा त्यांनी याला एका फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "मी ऐकलं आणि उभाच राहिलो," तो म्हणाला. "ही आमची जुनी पद्धत आहे हो. खांबावर चढलेला माणूस, एक हात तारेत, लाइनवर लोकांची बोलणी चालू. मध्ये तोंड घालायचं नाही, रिसीव्हरवर नखाने सांगायचं. आता हे जाणणारे खात्यात दोघंच उरलोत, आणि पुढच्या वर्षी मीही जाणार."

"काय सांगत होते?"

"तीन, मग दोन. तीन म्हणजे लाइनवर खरखर. दोन म्हणजे दोष घराच्या आत. बाहेर शोधू नका, आत या."

मी त्याला बाबांच्या खोलीत नेलं. तो दारात थांबला, पिशवी खाली ठेवली आणि चौकटीवर एकच टिचकी मारली. बाबा गर्रकन वळले. नऊ महिन्यांत मी त्यांना इतक्या पटकन वळताना बघितलं नव्हतं.

"फोन आणा," लाइनमन म्हणाला. कपाटावरून काढून दिला. त्याने पिन सॉकेटमध्ये घातली, बाबांच्या हातात रिसीव्हर दिला. अकरा वाजले होते. बाबांनी उचलला, आणि हॉलमधून माझ्या मशीनने घंटी दिली. लाइन तुटली की मशीनच्या आतल्या छोट्या स्पीकरवर वाजायला ती मीच लावली होती.

परीक्षेचा तिसरा दिवस. बाई पलीकडे सोळाव्या पानावर होत्या.

मी तिथेच उभा राहिलो. लाइनमनने फोनच्या मागची वायर उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "याची डबी कुठाय?"

"हॉलमधल्याला लावलीय."

"आणि याला?"

"एकच मिळाली."

"प्रत्येक फोनला एक देतात. फॉर्मवर किती लिहिले होते?"

मी म्हणालो, "एक."

त्याने बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही, वायर गुंडाळत राहिला. ते त्याचं चांगुलपण. डबी नव्हती म्हणून बाबांच्या फोनमध्ये ब्रॉडबँडची खरखर येत होती. खरखर येत होती म्हणून ते तक्रार करायला फोन उचलत होते. ते उचलत होते म्हणून माझी लाइन तुटत होती. साउंड कार्ड, इंटरप्ट, तीन कंपाइल, मेमरीचा आकडा, सगळं फुकट. पहिल्याच दिवशी चित्रावर बोट ठेवून ते दोन बोटं दाखवत होते आणि मी त्यांना वेळ सांगितली.

हॉलमध्ये गेलो, तिथल्या फोनची डबी काढली आणि बाबांच्या फोनला लावली. हॉलमधला फोन सध्या बंद. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं. मग माझ्यापुढे धरला. या वेळी मी घेतला. स्वच्छ डायल टोन, मागे काही नाही. मी म्हणालो, "खरखर गेली, बाबा." मला रडू आलं, आणि लाइनमनसमोर आलं.

त्याच दुपारी संपादक बाईंना फोन केला, बाबांच्या खोलीतून. त्या म्हणाल्या, "नऊ मिनिटं तुटली होती. काय झालं?" कंपनीवर ढकलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "चूक माझी. वडिलांचा फोन मी मोजला नव्हता."

त्या म्हणाल्या, "पाच दिवस सलग म्हणजे सलग. सोमवारपासून पुन्हा एकपासून मोजू. त्यात तुटली तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल."

सोमवार म्हणजे १ तारीख. ताई येणार ३० ला.

रविवार, ३०

ताई गाडी घेऊन आली. येतानाच बाबांसाठी नवी बॅग आणली होती. तिला सगळं सांगितलं. ऐकताना डोळे पुसले तिने, पण ताई ती ताईच.

"म्हणजे काम अजून मिळालेलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर बघू."

"बघू, बघू! छापखाना बंद झाल्यापासून हेच ऐकतेय. खाट आजच्यापुरती आहे, उद्या दुसऱ्याला देतील. तू परगावी गेलास की वहिनीने शाळा सोडायची का?"

ही म्हणाली, "ताई, मला विचारलंत तर सांगते. पण आधी ज्यांना न्यायचंय त्यांना कुणी विचारलं का?"

नऊ महिन्यांत डॉक्टरांना विचारलं, निवासाच्या व्यवस्थापकाला विचारलं, एकमेकांना विचारलं. मी बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसलो. त्यांच्याशी तोंडासमोर असं शेवटचं कधी बोललो होतो आठवत नाही. म्हटलं, "बाबा, ताईकडच्या निवासात जायचंय, की इथे राहायचंय? तुम्ही म्हणाल तसं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात पुढे करून माझ्या मनगटावर नख आपटलं. टक टक.

ताई म्हणाली, "काय म्हणाले?"

"घराच्या आत," मी म्हटलं.

ताई त्यांच्या खोलीत दार लावून अर्धा तास बसली. जाताना बॅग ठेवून गेली, म्हणाली, सुट्टीत माझ्याकडे आणायला होईल. मला दारात म्हणाली, "पाच दिवस नीट कर रे." रागाने नाही म्हणाली.

मंगळवार, २

काल आणि आज नाही तुटली. अकरा वाजले की मी लॉग उघडतो. बाबा फोन उचलतात, माझी नजर लॉगवर. ओळ हलत नाही.

आता तक्रार नसते. लाइनमनने सांगितलंय, एकच टिचकी म्हणजे सगळं ठीक. मुली म्हणे 'आजोबांचं ठीक आहे' असं मोठ्याने सांगतात आणि मग पुढच्या कामाला लागतात.

मेलिंग लिस्टवर लिहिलं: मेमरीचा आकडा विसरा, चूक वायरिंगची होती. वायरिंगवाल्याचे आभार मानले. त्याचं एका ओळीत उत्तर, "नेहमी तीच असते."

शुक्रवार, ५

पाच दिवस झाले. साडेचारला बाईंचा निरोप स्क्रीनवर आला, "सोमवारी पुढचं पुस्तक पाठवते, दोनशे पानं आहेत." त्यांची बोलायची हीच रीत दिसते. मी "बरं" असं लिहिलं आणि खुर्चीतून उठून दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिलो. बाबा त्यांच्या खोलीतून "हॅलो?" म्हणाले. प्रश्नासारखं. मी आत जाऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर एक टिचकी मारली.

आनंद आहे. पण उपटलेला तो फोन डोळ्यांपुढून जात नाही, आणि ते आठ दिवस भिंतीकडे बघत बसलेले बाबाही. ते मला परत नीट करता येणार नाहीत. कधीतरी त्या तारांवरच्या माकडाबद्दलही त्यांची माफी मागायची आहे. अजून तोंड उघडलेलं नाही. वहीत लिहिणं सोपं आहे.

दुसऱ्या डबीसाठी कंपनीला नवा फॉर्म द्यावा लागतो. लाइनमन देऊन गेला होता, आज भरला. नाव, पत्ता. रकाना सात: घरात फोन किती? दोन.

खाली अर्जदाराची सही. पेन बाबांच्या डाव्या हातात दिलं, कागद धरून ठेवला आणि थांबलो. चहा निवला, तो मी बदलून आणला. सगळी मिळून चौदा मिनिटं लागली. एक अक्षर ओळीच्या वर गेलंय, एक खाली, आणि आडनावातली एक वेलांटी राहिलीय. बावीस वर्षं मुद्रितं तपासली मी. तशीच राहू दिली.